दुपारचा गीझर

"जड काही उचलू नको, पोरी. मी निंघाली राजुऱ्याहून," सासूबाई फोनवर म्हणाल्या. मागून बसच्या इंजिनाची घरघर येत होती आणि कंडक्टरचं बल्लारशा, बल्लारशा. मी दिवाणावर आडवी पडले होते, गरम पाण्याची रबरी पिशवी पोटाशी धरून. नुकतीच सकाळपाळीची शाळा करून आले होते. वर्गात उभं राहून राहून कंबर पार गळाली होती, आणि त्यात पाळीचा दुसरा दिवस, जो माझ्याकडे दर महिन्याला वैरी होऊनच येतो. "काऊन आई, काय झालं? कोण बिमार आहे?" म्हणत मी उठून बसले. "आता मले कायले लपवतेस? इनोदनं सांगतलं न मले. दोन महिने वर झाले म्हणे. त्याच्या मशीनीत दिसते म्हणे सगळं." आणि त्या हसल्या. इतक्या आनंदानं हसल्या, आणि मला मध्ये बोलूच देईनात. "उलट्या होऊन राह्यल्या का? होऊ दे. पडून राहाजो, मी आली का सगळं करतो," म्हणाल्या आणि फोन बंद झाला. मी परत लावला तर लागेना. बस रेंजबाहेर गेली असेल. मी पिशवी पोटाशी धरून तशीच बसले, खाली रक्त वाहतंय, कळा येतायत, आणि तिकडे बसमध्ये बसून एक बाई माझ्या पोटातल्या पोराचं स्वप्न घेऊन माझ्याकडे निघालेली.

काय म्हणावं आता या माणसाला! म्हणे मशीनीत दिसते. मशीन म्हणजे विनोदचा मोबाईल, आणि मोबाईलात दिसतो तो आमच्या घराचा मीटर. दिवाळी झाल्यावर वीज कंपनीची दोन माणसं शिडी घेऊन आली आणि जुना मीटर काढून घेऊन गेली. त्याची चकती मी या घरात आल्यापासून येता-जाता फिरताना बघत होते. फिरायची बिचारी, आपल्याच नादात, कोणाला काही सांगत नव्हती. तिच्या जागी पांढरा गुळगुळीत डबा बसला, नेमका त्या भिंतीवर, जिच्या आतल्या बाजूला आमच्या पलंगाचं उशाचं टोक आहे. विनोद ऊर्जानगरला, थर्मलच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूमला असतो. पडद्यावरच्या रेषा बघणं हेच त्याचं काम. लग्न झालं तेव्हा मला त्याचं केवढं कौतुक! ड्यूटी संपवून आला की चहा पिता पिता सांगायचा, "सकाळी विजेचा लोड असा चढते ना नीलिमा, समजून जा, महाराष्ट्र उठला, आंघोळीले बसला." मला मजा वाटायची. अख्खा महाराष्ट्र एका रेषेत अंग धुतोय. त्या रेषेत कोणी एक बाई नव्हती, तिचं न्हाणीघर नव्हतं, म्हणून मजा वाटायची. नव्या मीटरचं अॅप त्यानं त्याच दिवशी मोबाईलवर घेतलं. जोडणी त्याच्या नावावर, नंबर त्याचा, म्हणून दिसणार तेही त्यालाच. दर अर्ध्या तासाच्या विजेचा एक खांब. कधी बुटका, कधी उंच. "हा पाय, आपल्या घराचा लोड," तो म्हणाला, आणि मला मिठीच मारली वेड्यानं. मीही हसले. नवीन वस्तू आली की घरात होतंच तसं.

डोकं दुखायला लागलं ते त्यानंतर. शेजारच्या रुखमाबाईंनी कंपाउंडवरून वाकून तो डबा बघितला आणि म्हणाल्या, "तुझ्या डोक्याशीच लावला ना गं बाई थो! किरणं निघते म्हणते त्याच्यातून. आमच्या जावयाच्या मोबाईलवर आलं होतं. पोटातल्यालेही लागते म्हणते." आणि मग जीभ चावली. माझं काय काय होऊन गेलंय ते साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. मी चौथीच्या पोरांना विज्ञान शिकवते. हवा, पाणी, चुंबक, वीज. फळ्यावर बल्ब काढते. तरी त्या रात्रीपासून मी उशी पायाकडच्या बाजूला नेली. विनोद हसला. "मोबाईल दिवसभर कानाले लावतेस, थे चालते. आणि या गरिबाचा तेवढा भेव." बरोबरच होतं त्याचं. हाच तर वैताग आहे. बरोबर बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? मी उशी परत जागेवर नेली, डोकं दुखायचं ते दुखतच राहिलं. किरणांनी दुखतं की नुसत्या चिडीनं, ते मला आजही सांगता येणार नाही. दोन्हीचा डाग दिसत नाही.

पहिला चटका बसला तो नोव्हेंबरात. संध्याकाळी विनोद ड्यूटीवरून आला, हातात कागदाचा पुडा, त्यात गरम आलुबोंडे. मला आवडतात म्हणून गांधी चौकातून मुद्दाम वाट वाकडी करून आणलेले. पुडा माझ्या हातात दिला आणि हळूच, प्रेमानं म्हणाला, "आज सुरू झाली ना? पोट दुखते का लय?" मी तर कोणाला काही बोलले नव्हते. सांगायचं नसतंच मला. गाव सुटल्यापासून सगळं कागदात गुंडाळून, कागद पिशवीत, पिशवी शाळेच्या वाटेवरच्या कचराकुंडीत. "तुले कसं समजलं?" तर हा खुशीत मोबाईल पुढे करतो. "हा पाय दुपारचा खांब. गीझर. शाळेतून आल्यावर तू दुपारी गीझर कधीच लावत नाई, हे दिवस सोडून." खांब लाल रंगाचा होता, देवाशप्पथ. सरळ उभा, आजूबाजूला बारके बारके खांब, पंख्याचे, फ्रीजचे, आणि मध्ये मी. तळपायाची आग मस्तकात गेली. "पुन्हा मले असं विचारायचं नाई. बिलकुल नाई," मी ओरडले. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "बरं बापा, नाई विचारत," म्हणाला, आणि जाऊन कपडे बदलायला लागला. आता मला सांगा, कोणाकडे जाऊन तक्रार करू? नवरा आलुबोंडे आणतो म्हणून? पोट दुखतं का विचारतो म्हणून? शाळेतल्या बायकांना सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, मॅडम, आमच्याला वर्षात कधी कळत नाही, तुमचा तर हिरा आहे. मी ते आलुबोंडे खाल्ले. गार झाले होते, आणि प्रत्येक घासाला मला वाटत होतं की मी काहीतरी कबूल करते आहे.

त्याला काय माहीत. तो राजुऱ्याचा, कोळसाखाणीच्या कॉलनीत वाढलेला गोंड. घरात टीव्ही, दारात नळ. आमचं गाव एटापल्लीच्याही पुढं, जंगलात. आमच्यात पाळी आली की कुर्म्यात जायचं. कुर्मा म्हणजे वस्तीच्या कडेची झोपडी. घरातल्या चुलीला शिवायचं नाही, विहिरीला शिवायचं नाही. यायो, म्हणजे माझी आई, आंबील आणून दूर ठेवायची आणि मागं सरकायची, जशी काही मी तिला चावणार आहे. छप्पर गळायचं. एकदा कोपऱ्यात साप निघाला, आम्ही दोघी-तिघी किंचाळत बाहेर, आणि बाहेर आलो म्हणून वर बोलणी. पण साप एवढा लागला नाही मला. मला लागायची ती वाट. घरून कुर्म्याकडे जाणारी वाट सगळ्या गावाच्या डोळ्यांपुढून जाते. विहिरीवरच्या बाया, गोटुलापाशी, म्हणजे गावच्या चावडीपाशी, बसलेले म्हातारे, गुरं हाकणारा इसरू, सगळ्यांना कळायचं, आज हिची सुरू झाली. आणि एखादी वाटेवर दिसली नाही की तेही कळायचंच. झिंगूची बायको या महिन्यात गेली नाही हं, असं मोहाची फुलं वेचता वेचता बाया बोटांवर मोजायच्या. झिंगूला कळायच्या आधी गावाला कळायचं. मी आश्रमशाळेत राहिले, गडचिरोलीला डी.एड. केलं, तिथंच आयटीआयमधल्या या विनोदशी जमलं, चंद्रपुरात घर झालं, आणि या सगळ्यात मला सगळ्यात मोठी गोष्ट कोणती मिळाली असेल तर ती न्हाणीघराची आतली कडी. खोटं नाही सांगत. पहिल्यांदा कडी लावली तेव्हा दाराला पाठ टेकून मी नुसती उभी राहिले होते, नळ सोडून, उगाच. आता मला कोणी मोजत नाही असं वाटलं होतं. आणि आता भिंतच चुगली करते.

यायोला एकदा फोनवर सांगायला गेले. तिला मीटर म्हणजे काय तेच सांगता सांगता पुरेवाट झाली. शेवटी ती म्हणाली, "नवऱ्यालेच समजते ना? मग काय बिघडलं?" काय बिघडलं! मीच नाही सांगू शकले. गावाला कळत होतं तेव्हा निदान मी चालत जात होते, माझ्या पायांनी. इथं मी घरात बसलेली, दार लावलेलं, आणि तरी मी सारखी कुठंतरी चालत जाते आहे आणि कोणीतरी बघतं आहे. पंखा लावला तर वाटायचं, आता त्याला कळलं मी झोपायच्या खोलीत आहे. मिक्सर फिरवला की कळलं, चटणी. इस्त्री तापायला ठेवली आणि शाळेच्या पोरांच्या वह्या बघत बसले तर तो संध्याकाळी म्हणणार नाही काही, म्हणायचं नाही असं मीच बजावलंय, पण त्याच्या डोळ्यांत असणार की इस्त्री आज किती वेळ. आपल्याच घरात मी पाहुण्यासारखी बटणं दाबायला लागले. जीव नुसता कावून गेला.

आणि यात एक गोष्ट होती जी मला खरंच वाचवायची होती. आधी दोन वेळा दिवस राहिले होते मला. पहिल्यांदा लगेच गेलं. आम्हा दोघांनाच माहीत, दोघंच रडलो, संपलं. दुसऱ्यांदा टिकलं. चांगलं टिकलं. सासूबाईंनी कॉलनीत पेढे वाटले, शाळेत साऱ्या बायकांनी मला खुर्ची दिली, गोलबाजारातली भाजीवाली मला बघून कोथिंबिरीची जुडी वरून टाकायची, खा माय म्हणून. मग एक दिवस तेही गेलं. जाणं एक वेळ सोसलं मी. पण ते गेल्यावर सांगत फिरणं! रोज कोणीतरी नवं भेटायचं. "किती झाले हो मॅडम?" "नाही राहिलं." मग समोरच्याचा चेहरा पडायचा, आणि त्या चेहऱ्याला धीरही मीच द्यायचा. भाजीवालीनं तर भर बाजारात डोळ्याला पदर लावला. महिनोन्महिने मी एकच पोर परत परत गमावत होते, दर चौकात. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं: पुढच्या खेपेला आधी मी. एकटी मी. माझी खात्री होईल, मग मी सांगेन, ज्याला सांगायचं त्याला. एवढंच मागणं होतं माझं, यापेक्षा जास्त मी कोणाकडे काही मागितलं नाही.

म्हणून डिसेंबरात मी गीझर लावायचा बंद केला. शाळेतून यायचं, गॅसवर गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी ठेवायचं, रबरी पिशवीत भरायचं, उरलेल्यानं अंग धुवायचं. गॅसला कोणी विचारत नाही. दुपारचा खांब गेला. मला इतकं बरं वाटलं! शाळेतल्या व्रात्य पोरासारखी मी मनात नाचले. आणि गंमत बघा, त्याच महिन्यापासून विनोद माझ्याशी फार हळवा वागायला लागला. पाण्याची बादली उचलू देईना. मोटारसायकलवर मागे बसले की खड्ड्यात गाडी जपून घालायचा, थांबून मागे वळून बघायचा, "बरी आहेस ना?" रात्री नुसता माझ्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि कूस बदलून झोपायचा. मला वाटलं, त्याला उमगलं. त्या दिवशी मी ओरडले ते त्याच्या आत कुठंतरी लागलं, आणि आता तो माझी माफी मागतो आहे, न बोलता. माझा रागही निवळत आला होता. संक्रांतीला मी त्याच्यासाठी तिळाच्या वड्या केल्या, त्याला आवडतात तशा जाड. आणि आत्ता, दिवाणावर बसल्या बसल्या, सगळं लख्ख कळलं. विचारू नको म्हटलं होतं, त्यानं विचारलं नाही. बघत बसला. डिसेंबरात खांब आला नाही, वाट बघितली. जानेवारीत आला नाही, आईला फोन केला. ती माफी नव्हती काही. तो त्याच्या पोराला खड्ड्यांतून जपून नेत होता.

ऑटो दाराशी थांबला. "हळू, बाई, हळू," ऑटोवाला सासूबाईंना उतरवत होता आणि माझ्याकडे बघून तोंडभर हसला, म्हणजे त्यालाही कळलेलं होतं. सासूबाईंच्या हातात कापडी पिशवी. त्यात हिरवी साडी, खोबऱ्याची वाटी, तांदूळ. चोरओटी भरायला आल्या होत्या. तिसऱ्या महिन्यात कोणाला कळू न देता, गुपचूप भरतात ती. गुपचूप! बसभर सांगून आलेल्या. दारातूनच त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला. "सुकली माय माझी," म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्यांची नजर दिवाणावर गेली. "हे काय? गरम शेक? पोटाले? अवो, अक्कल गहाण टाकली का तू!" रबरी पिशवी उचलून त्यांनी थेट अंगणात भिरकावली. मी म्हटलं, "आई, बसा. आई, ऐका. माझी पाळी सुरू आहे." त्या जागच्या जागी थांबल्या. मला वाटलं, झालं, कळलं. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि त्यांनी मला खांद्याला धरून दिवाणावर पाडलंच. "हलू नको. बिलकुल हलू नको. पाय वर कर. रगत कवापासून जाते? काऊन नाई सांगतलं?" "आई, तसं नाही हो. काही नव्हतंच. दर महिन्याचीच आहे." "चूप. मागच्या खेपेलेही तू अशीच म्हणत होती, काही नाई, काही नाई." आणि त्यांनी विनोदला फोन लावला. फोनवर त्या रडायला लागल्या.

त्यानंतरचं मला नीट क्रमानं आठवतही नाही. मला उठू देत नव्हत्या. उठले की ओरडायच्या. मी सांगते आहे, त्या ऐकत नाहीत. मी ओरडते आहे, त्या म्हणतात ओरडू नको, जोर पडते. रुखमाबाई आवाज ऐकून आल्या आणि माझ्या पायाशी बसून तळवे चोळायला लागल्या, "नको रडू बाई, देव आहे." मी रडत नव्हते! मी संतापले होते! पण दोघींच्या हातांत माझे पाय आणि खांदे, आणि मला एकदम वाटलं, असू दे, पडू दे, आता हे पोर मला गमवावंच लागणार. जे पोटात आलंच नाही तेही. बाहेर गाडी थांबली. विनोद कोणा साहेबाची गाडी मागून घेऊन आला होता, ड्यूटीच्या बुटांसकट आत आला, कपाळावर घाम. "उचल आई, उचल तिले, दवाखान्यात नेऊ," म्हणत तो माझ्या पाठीखाली हात घालायला लागला. मी तो हात झटकला आणि उभी राहिले. "विनोद, ऐक. नव्हतंच काही. मले पाळी आली आहे. मागच्या महिन्यातही आली होती."

"नाई आली," तो म्हणाला.



"नाई आली, नीलिमा. मी पाह्यलं न. डिसेंबरात एकही दिवस नाई. हे पाय, तूच पाय," मोबाईल माझ्यासमोर धरलेला, आणि तो बोटानं खांब मागं सरकवत होता, एक एक दिवस, बुटके बुटके खांब. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो खोटं बोलत नव्हता, मला खोटंही पाडत नव्हता. तो विनवत होता. माझ्या अंगातून रक्त जातंय ते मी सांगते आहे, आणि हा माणूस मोबाईलमधल्या सपाट दुपारी दाखवून मला विनवतो आहे की नाही, बघ, नाही आली. "दाखवू?" मी म्हटलं. "इथंच दाखवू का तुले? आईसमोर?" तेव्हा त्याचं बोट थांबलं. सासूबाई खाली बसल्या. रुखमाबाई उठून गेल्या, दार हळूच लावून घेतलं त्यांनी. "मग गीझर काऊन नाई लावला?" त्यानं विचारलं, अगदी बारीक आवाजात. "गॅसवर तापवलं पाणी. तुले समजू नाई म्हणून." "मले?" तो म्हणाला. "मले समजू नाई? मी कोण आहे मग?" आणि त्यानं मोबाईल दिवाणावर टाकला आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडला, मोठा थोराड माणूस, बूट घातलेला. त्याच्यासाठी एक पोर त्या क्षणी गेलं होतं. मला इतका राग आला होता की त्याला घराबाहेर काढावं, आणि मी काय केलं तर त्याचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं. पोटात कळ येत होती. मीच त्याला थोपटत होते. रागावायलाही मला माझी अशी जागा कोणी ठेवली नव्हती. "काढून टाकतो थे अॅप," तो म्हणत होता, "आईची शपथ, काढून टाकतो." सासूबाईंनी मान हलवली, ऐकलं मी, साक्षीला आहे, अशी. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. जाताना माझ्या गालावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, "मले माफ कर पोरी. मले लयच खुशी झाली होती." पुढचा आठवडाभर मी सांगत होते. रुखमाबाईंना, स्टाफरूमला, त्या ऑटोवाल्यालाही, तो तर गाडी बाजूला घेऊन विचारायला थांबला होता. नाही हो. नाही राहिलं. खरं सांगायला गेले असते तर मीटरपासून सुरुवात करावी लागली असती.

फेब्रुवारीत माझी तारीख आली आणि गेली. मी लक्ष दिलं नाही. मग लक्ष न देणं जमेना. बसस्टँडकडच्या एका मेडिकलमधून, जिथं मला कोणी ओळखत नाही, तपासणीची पट्टी आणली, न्हाणीघराची कडी लावून बघितली. दोन रेघा. मग डॉक्टरीणबाईंकडे एकटी जाऊन आले. "मिस्टर नाही आले?" त्यांनी विचारलं. ड्यूटीवर आहेत म्हटलं. त्यांनी गोळ्या दिल्या, जपायला सांगितलं, आणि हसल्या. बाहेर येऊन मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. फेब्रुवारीतच चंद्रपूर तापायला लागतं, ऊन डोक्यावर होतं, कोळशाचे ट्रक जात होते, आणि साऱ्या जगात हे मला आणि त्या डॉक्टरीणबाईंना सोडून कोणाला माहीत नव्हतं. मला इतकं सुख झालं की भीती वाटली.

विनोदनं अॅप काढलं का, मी विचारलं नाही. विचारलं तर हो म्हणेल, आणि हो म्हटल्यावर मी त्याचा मोबाईल बघायचा का? म्हणजे मीही तेच करायचं? म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, साडी बदलली, आणि दुपारी गीझरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. मी न्हाणीघराच्या दारात स्टूल टाकून बसले. पाणी तापल्यावर नळ सोडला, बादली भरली, आणि वाफाळतं पाणी तांब्या तांब्यानं मागच्या मोरीत ओतत राहिले. "काऊन गं बाई, एवढ्या उन्हात गरम पाणी फेकून राह्यली?" रुखमाबाईंनी कंपाउंडवरून विचारलं. "मीटरले पाजून राह्यली," मी म्हटलं. त्या हसल्या, मीही हसले. पुढच्या दुपारीही तेच केलं, त्याच्या पुढच्याही.

त्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी विनोद आला. मी पोळ्या लाटत होते. तो थोडा वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, बूट काढून, हातात हेल्मेट. "नीलिमा," तो म्हणाला. मग जवळ येऊन माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं. "सरक. मी लाटतो. तू जाऊन पड थोडी. वाईट नको वाटून घेऊ. पुढच्या महिन्यात पाहू." इतक्या मायेनं म्हणाला. शपथ आईची होती, आणि अॅप तसंच होतं. त्याला कळलंही नव्हतं की आपण काय बोलून गेलो. तो पिठाचे हात करून वेडीवाकडी पोळी लाटायला लागला होता, आणि त्याच्या डोळ्यांत माझ्यासाठीच दुःख होतं, जे घडलंच नव्हतं त्याचं. ओठांवर आलं होतं माझ्या. सांगून टाकावं, याचा चेहरा असा नको बघायला. मी गिळलं. राहिलं तर सांगीन त्याला, तोंडानं सांगीन, त्याच्यासमोर बसून, आणि तो मोबाईल नाही, माझ्याकडे बघत असेल तेव्हा. गेलं तर यावेळी माझं एकटीचं जाईल. "पाहू," मी म्हटलं, आणि आत जाऊन पडले, उशी पायाकडे घेऊन.